वरच्या मजल्यावर परदेशी मास्तर: शेजाऱ्यांसाठी कामाची टिपणं

मुंबईत आंतरराष्ट्रीय शाळा वाढल्या, तसे त्यांत शिकवायला येणारे परदेशी शिक्षकही वाढले. ते राहतात आपल्याच सोसायट्यांमध्ये. आमच्या पार्ले पूर्वेच्या इमारतीत माझ्या डोक्यावरचा फ्लॅट अशाच लोकांकडे फिरतो आहे. आधी कॅनडाचा संगीतवाला होता, मग स्कॉटलंडची विज्ञानाची बाई आली, आता न्यूझीलंडचा गणितवाला आहे. मी मराठी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले आहे, म्हणून सेक्रेटरीसाहेबांनी परस्पर ठरवून टाकलं, की ‘मास्तर लोकांचं बाई बघतील’. बघते आहे.

माझं निरीक्षण असं, की पहिले पंधरा दिवस या माणसाचे अतोनात लाड होतात. गेटवे दाखवून होतं, जेवायला बोलावणी होतात, फोटो निघतात. मग जो तो आपल्या कामाला लागतो, आणि रविवारी दुपारी चार वाजता हा गडी रिकाम्या फ्लॅटमध्ये पंख्याकडे बघत बसतो. दर्शनीय स्थळं दाखवून हे सुटत नाही. त्याला आठवडा लावून द्यावा लागतो. स्वतःचा पास, स्वतःचा भाजीवाला, नाटकाला जायची सवय, इमारतीत एखादं काम. एवढं जमलं की पुढची करमणूक तो स्वतः शोधतो.

कागदपत्रांचं आधी उरकून टाकू. परदेशी माणूस घरात राहायला आला, की घरमालकाने २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरायची असते. लोक त्याला सी फॉर्म म्हणतात. घरमालक पुण्याला किंवा अमेरिकेत असेल तर तो हमखास विसरतो, म्हणून त्याच्या मागे लागा. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल, तर शिक्षकाने स्वतः १४ दिवसांत एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी लोकांच्या नोंदणीच्या सरकारी कचेरीत, नोंदणी करायची. शाळेचा एचआर ते करतो, पण तारीख लक्षात आणून द्यायला काय जातं! भाड्याचा करार अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात त्याची नोंदणी करावीच लागते, आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यालाही द्यावी लागते. आधार कार्ड त्याला १८२ दिवस इथे राहिल्याशिवाय मिळत नाही, तोवर प्रत्येक काउंटरवर ‘आधार द्या’ ऐकावं लागतं. त्या काळात पासपोर्ट, व्हिसा आणि करार यांच्या झेरॉक्सचा गठ्ठा त्याच्या पिशवीत कायम ठेवायला सांगा. इथलं बँक खातं उघडून यूपीआय सुरू होईपर्यंत दहा-वीसच्या नोटाही. पाचशेची नोट काढणाऱ्याला भाजीवाला जसा बघतो, तसं बघून घेणं कोणाच्याच नशिबी येऊ नये.

आता घर. या शाळा बहुधा ऑगस्टमध्ये सुरू होतात, म्हणजे माणूस येतो तो जुलैच्या शेवटी, भर पावसात. मुंबईचं पहिलं दर्शन त्याला कपाटातल्या बुरशीचं होतं. चामड्याचे बूट हिरवे पडतात, पासपोर्टची पानं फुगतात. पहिल्याच दिवशी सांगायचं: कपाटात डांबरगोळ्या, चामडं प्लास्टिकच्या डब्यात, पायात रबरी सँडल, आणि पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरायचं नाही, लेप्टो नावाचा ताप होतो. भरती साडेचार मीटरच्या वर असेल आणि त्याच वेळी जोराचा पाऊस असेल, तर शाळेतून लवकर निघायचं किंवा निघायचंच नाही. पालिकेचा आपत्कालीन क्रमांक १९१६ त्याच्या फोनमध्ये तुम्हीच घालून द्या. २६ जुलै २००५ची गोष्ट, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर, ही प्रत्येक मुंबईकराला नवख्या माणसाला सांगायची फार घाई असते. निदान पहिल्या आठवड्यात सांगू नका. स्कॉटिश बाईंना आमच्या तळमजल्यावरच्या आजोबांनी ती लिफ्टमध्ये सांगितली, आणि पुढे महिनाभर त्या ढग आले की बिस्किटांचे पुडे भरून ठेवत.

त्यानंतर घंटा. आपल्याला सवय असते, पण परदेशी माणसाला सकाळी सहा ते दहा दारावरची बेल हा छळ वाटतो. दूधवाला, पेपरवाला, कचरेवाला, बाई, इस्त्रीवाला, मग कुरिअर. कोण कधी येतो आणि कोणासाठी दार उघडायलाच पाहिजे, हे एका कागदावर लिहून फ्रिजला लावा. दुधासाठी पिशवी कडीला अडकवायची, कचरा ओला-सुका वेगळा करून बाहेर ठेवायचा, इस्त्रीचे कपडे मोजून द्यायचे आणि मोजून घ्यायचे. बेल निम्म्याने कमी होते.

बाईचा पगार तुम्ही मध्यस्थ होऊन ठरवा. नाहीतर एकतर तो दुप्पट देऊन सगळ्या मजल्याचे दर बिघडवतो, किंवा संकोचाने कामच सांगत नाही आणि बाई सोफ्यावर बसून जाते. महिन्याच्या सुट्ट्या किती, दिवाळीला एक पगार बोनस, पाहुणे आले तर भांडी जास्त, हे दोघांच्या समोर बोलून घ्यायचं. आमच्या मावशींना इंग्रजी येत नाही आणि कॅनडावाल्याला मराठी येत नव्हतं, तरी सहा महिन्यांत तो ‘मावशी, उद्या येऊ नका, मी घरी नाय’ इथवर पोचला. कारण मावशींनी त्याच्याशी मराठी सोडून काही बोलायचंच नाकारलं. आपण सुशिक्षित मंडळी तिथे कमी पडतो. समोर गोरा दिसला की आपलं इंग्रजी झळकवायची खुमखुमी येते. भाषा शिकवायची तर त्याला आपल्यापेक्षा मावशी, वॉचमनकाका आणि कोथिंबीरवाली यांच्या ताब्यात द्यावं.

लोकल. इथे मात्र वेळ द्या. मी तर म्हणते, एका शनिवारी दुपारी तुम्ही स्वतः सोबत जा. रविवारी नको, रविवारी मेगाब्लॉक असतो आणि नवख्याला वाटतं की गाड्या अशाच असतात. पहिला धडा प्लॅटफॉर्मवर: इंडिकेटर वाचायचा. कुठे जाणार, स्लो की फास्ट, किती डब्यांची. पार्ल्याला फास्ट थांबत नाही, म्हणून फास्ट हवी तर एक स्टेशन मागे अंधेरीला जायचं किंवा स्लोने बांद्र्याला जाऊन बदलायचं. गर्दीच्या वेळी विरार फास्टमध्ये बोरिवलीला उतरायच्या इराद्याने चढू नये, हे त्याला गणिताच्या नियमासारखं पाठ करून घ्या. कारण विचारू नकोस म्हणावं, तुला उतरू देणार नाहीत एवढं पुरे.

दुसरा धडा डब्यात. पाठीवरची सॅक पुढे घ्यायची. आपलं स्टेशन यायच्या दोन स्टेशनं आधीच पुढच्या माणसाला ‘दादर उतरणार का?’ विचारायचं. तो हो म्हणाला तर त्याच्या मागे उभं राहायचं, नाही म्हणाला तर जागा बदलून घ्यायची. प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येणार हे आधी ठाऊक पाहिजे. तिघांच्या बाकावर चौथ्याला बसू देतात, पण ती बैठक अर्ध्या मांडीची, आणि सरकायला सांगायची पद्धत म्हणजे नुसती मान हलवणं. न्यूझीलंडवाल्याने पहिल्यांदा असं ‘चौथं’ बसून घेतलं, त्या संध्याकाळी त्याने घरी आईला फोन करून सांगितलं. मुंबईकर झाल्याचं प्रमाणपत्र याहून वेगळं काय असतं!

शिक्षिका असेल तर तिला लेडीज डब्यात कोणी ओळखीची बाई गाठून द्या. लेडीज स्पेशल गाडी १९९२पासून पश्चिम रेल्वेवर धावते, पण साध्या गाडीतला लेडीज डबाही पुरेसा आहे. तिथे कानातली, केसांचे चाप, सुया, चिकू, सोललेला लसूण असं सगळं विकायला येतं. रोजच्या गाडीला रोजच्या बायका असतात. हळदीकुंकवाचं वाणही डब्यातच वाटलं जातं. आमच्या स्कॉटिश बाईंनी वर्षभरात विज्ञानाच्या खोलीसाठी निम्मं सामान डब्यातच घेतलं, चिमटे, भिंगं आणि मोजपट्ट्या. शाळेच्या पुरवठादारापेक्षा स्वस्त पडलं.

पास महिन्याचा न काढता तीन महिन्यांचा काढायला सांगा. परवडत असेल तर फर्स्ट क्लासचा काढू दे, पण सेकंडच्या तिकिटावर चुकून फर्स्टमध्ये चढला तर टीसी ‘मला माहीत नव्हतं’ ऐकून घेत नाही. रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये, टॅक्सीचं ३१, हे दोन्ही आकडे तोंडपाठ. बांद्रा आणि सायनच्या पलीकडे शहराकडे रिक्षा जात नाही, हे ठाऊक नसल्याने पुष्कळ परदेशी माणसं माहीमच्या नाक्यावर हात करत उभी राहिलेली मी पाहिली आहेत.

बाजारात पहिल्यांदा जाताना तुम्ही बोलू नका, नुसतं बाजूला उभं राहा. कापडी पिशवी न्यायची, भाव आधी विचारायचा, चार दिवस एकाच भाजीवाल्याकडून घ्यायचं. पाचव्या दिवशी कोथिंबीर-मिरची फुकट मिळते. मासे खाणारा असेल तर जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते हे सांगून ठेवा, आणि १ ऑगस्टनंतर होड्या समुद्रात गेल्या की त्याला कोळणीकडे न्या. बुधवार, शुक्रवार, रविवार बाजार भरलेला असतो. श्रावणात भाव जरा खाली येतात, कारण निम्मी गिऱ्हाइकं घरात बटाट्याची भाजी खात बसलेली असतात. सुरुवात बोंबलाने करू नये असं लोक म्हणतात. मी उलट म्हणते, रवा लावलेला कुरकुरीत बोंबील हीच सुरुवात. ताजा आहे की नाही हे कोळणीला विचारायचं नाही, तिचा अपमान होतो. कल्ला उचलून लाल आहे का बघायचं.

तिखटाची आपण फार काळजी करतो. खरं सांगायचं तर ही माणसं तिखट महिन्याभरात पचवतात, त्यांना सोसत नाही तो आपला आग्रह. तिसरी पुरणपोळी वाढताना ‘नको’ म्हटल्यावर वाटी पुढेच धरून ठेवणं बंद करा. वडापाव पहिल्यांदा लसणाच्या चटणीशिवाय द्या, तळलेली मिरची कडेला. माटुंग्याला राम आश्रय किंवा कॅफे मद्रासला न्यायचं तर रविवारी सकाळी नऊनंतर रांगेची तयारी ठेवा. सोलकढी सगळ्यांना आवडते. पार्ल्याच्या बिस्किटांचा कारखाना इथे १९२९पासून होता आणि २०१६मध्ये बंद झाला, हे सांगून एक पुडा हातात दिला की प्रत्येक जण पुड्यावरचं नाव नव्याने वाचतो. पूर्वी संध्याकाळी स्टेशनबाहेर बिस्किटं भाजल्याचा वास यायचा, तो आता त्यांना दाखवता येत नाही, त्याचा मला उगीच राग येतो.

करमणुकीत माझं पहिलं मत नाटकाला. पार्ल्यात दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह आहे, दादरला शिवाजी मंदिर, माटुंग्याला यशवंत. मराठी न कळणाऱ्याला नाटकाला कसं न्यायचं, असं लोक विचारतात. असं न्यायचं: आदल्या दिवशी चहावर गोष्ट पाच वाक्यांत सांगायची, शेवट सोडून. तिकिटं मधल्या रांगांची काढायची, म्हणजे नटांचे चेहरेही दिसतात आणि प्रेक्षकही. शब्दांवर खेळणारं विनोदी नाटक पहिल्यांदा टाळा, लोक हसत सुटतात आणि हा बिचारा शेजारच्याकडे बघत राहतो. संगीत नाटक असेल तर उत्तम. कॅनडावाला संगीताचा होता, त्याला मी एक अक्षर समजावलं नाही. दुसऱ्या अंकात एका पदाला ‘वन्स मोअर’ आला आणि नटाने खरोखरच ते पुन्हा म्हटलं, तेव्हा तो खुर्चीतून अर्धा उठला होता. आपल्याकडे हे अजून होतं याचं त्याला इतकं नवल, की पुढे तो शनिवारच्या पेपरातल्या नाटकाच्या जाहिराती माझ्याकडून वाचून घ्यायचा. मध्यंतरातला बटाटेवडा हा नाटकाचाच भाग आहे, रांगेत लवकर लागायला शिकवा. जुहूच्या पृथ्वी थिएटरला इंग्रजी आणि हिंदीही असतं, पण तिथे उशीर झाला तर आत सोडत नाहीत, आणि सोमवारी प्रयोग नसतात.

दुसरं मैदान. शनिवारी सकाळी शिवाजी पार्क. एकाच मैदानात इतके सामने चालतात, की एकाचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या पंचाशेजारी उभा असतो. क्रिकेट न कळणाऱ्या देशातला माणूस हे बघूनच थक्क होतो. शिक्षक असल्यामुळे त्याला शालेय स्पर्धांची गोष्ट सांगा. हॅरिस शिल्ड १८९७पासून चालते, आणि १९८८मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रमच्या दोन पोरांनी, सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी, ६६४ धावांची नाबाद भागीदारी केली. न्यूझीलंडवाल्याने लगेच विचारलं, की तेव्हा त्या मुलांच्या वर्गशिक्षकांनी हजेरीत काय मांडलं असेल. हा प्रश्न फक्त मास्तरालाच पडू शकतो.

त्याच पार्कात श्री समर्थ व्यायाम मंदिरात संध्याकाळी मल्लखांब चालतो. पद्मश्री उदय देशपांडे यांच्यामुळे तिथे परदेशातूनही लोक शिकायला येतात, म्हणून परका माणूस दिसला तरी कोणी टकमक बघत नाही. अंग हलकं असेल तर नुसतं बघत बसू नका, विचारा. दोरीच्या मल्लखांबावर प्रौढांनाही शिकता येतं.

सहलींचं एकच लक्षात ठेवा, सुट्टीचा वार. शिक्षकाला मधल्या वारी सुट्टी मिळाली की तो नेमका बंद दारासमोर जाऊन उभा राहतो. घारापुरीची लेणी सोमवारी बंद, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद, म्हणजे त्यातली कान्हेरीही बंद. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि शेजारची राणीची बाग, दोन्ही बुधवारी बंद. हे संग्रहालय १८७२चं. त्यातली मातीची छोटी छोटी माणसं, जुन्या मुंबईतले व्यवसाय, जाती, पगड्या, हे सगळं त्याला एकट्याने बघू द्या. आपण सोबत गेलो की फार बोलतो. वसईचा किल्ला मात्र सोबत जाऊन दाखवा. पोर्तुगीज चर्चच्या उघड्या भिंती बघून त्याला वाटतं सगळं कळलं, तेव्हा १७३९ची चिमाजी अप्पांची मोहीम तिथेच तटावर उभं राहून सांगावी लागते. माथेरान तो शाळेची मुलं घेऊन गेल्यावर पाहीलच, शिक्षकाला तिथे करमणूक नसते, मोजदाद असते.

गणपतीत त्याला आरतीला नुसतं उभं करू नका, काम द्या. आम्ही लहान मुलांच्या चित्रकला स्पर्धेचं परीक्षण परदेशी शिक्षकावरच टाकतो. तो कोणाचा काका नाही, मामा नाही, त्यामुळे निकालावर भांडण होत नाही. गेली काही वर्षं इमारतीत शांतता आहे ती त्यामुळेच. लालबागला न्यायचं असेल तर कामाच्या दिवशी सकाळी न्या, शनिवार-रविवार विसरा. त्यापेक्षा गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीतला गणपती दाखवा. मुंबईतला तो पहिला सार्वजनिक, १८९३चा, आणि मूर्ती अजून लहानच असते. रात्रीच्या ढोलांसाठी कानात घालायचे बोळे आधीच आणून द्या.

पाया पडण्याचं प्रकरण अगोदर समजावून सांगा. दिवाळीला, दहावीच्या निकालाला इमारतीतली मुलं मोठ्यांच्या पाया पडत येतात, आणि शिक्षक म्हटल्यावर याच्याही पडतात. तो दचकून दोन पावलं मागे सरतो, मूल गोंधळतं. त्याला सांगायचं: जागचं हलू नकोस, डोक्यावर हात ठेव, ‘मोठा हो’ किंवा ‘मोठी हो’ म्हण. पेढा दिला तर लगेच खा, खिशात घालू नकोस. पगार किती, लग्न का नाही, हे प्रश्न येणारच, ते आपण थांबवू शकत नाही. कॅनडावाल्याला आम्ही ‘बघतोय’ हे एकच उत्तर शिकवलं होतं. दोन्ही प्रश्नांना चालायचं.

जूनच्या आरंभी शाळा संपते. माणूस कायमचा जाणार असेल तर मे महिन्यातच, हापूस संपायच्या आत, हिशेबाला बसा. डिपॉझिट परत कधी आणि कोणत्या खात्यात, हे घरमालकाकडून लेखी घ्या. खातं बंद झाल्यावर पैसे पाठवायला बसलेला एक घरमालक मी पाहिला आहे, ते पैसे मिळायला पुढचा पावसाळा उजाडला. मावशींचा शेवटचा पगार आणि दिवाळीच्या बोनसचा हिस्सा त्याच्यासमोर द्यायला लावा. मिक्सर, पडदे, बादल्या कोणाला द्यायच्या ते त्याला ठरवू द्या, पण पंखे आणि गीझर मोजून घ्या. पासाचे दिवस उरले असतील तर स्टेशनवर विचारून बघायला सांगा. आणि चावी वॉचमनकाकांकडे ठेवू देऊ नका, तुमच्याकडे घ्या. जुलैच्या शेवटी पुढचा मास्तर रात्री दोनच्या विमानाने येतो.